वरचा एक हूक

वहीचं पहिलं पान माझ्या अक्षरात आहे:
वेल्क्रो, पंचवीस मीटर.
चुंबकाची बटणं, दोन ग्रोस.
रुबिया, मांडवीतून, उधार.

वीज मंडळात एकतीस वर्षं मी लोकांची बिलं लिहिली.
आता हेमांगिनी फणसेच्या ब्लाउजांचा जमाखर्च लिहितो,
दांडिया बाजारात, बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत.
भिंतींना अजून शाईचा वास,
तीन मशिनी, आणि एक पंखा जो फक्त दोनवर फिरतो.

तिचं म्हणणं साधं आहे.
वयानं खांदा आखडतो, पेरं सुजतात,
हूक मात्र तेवढाच राहतो, राईएवढा,
विशीतल्या बोटांच्या मापाचा.
मग बाई गाऊन घालते.
गाऊनमध्ये लग्नाला जाता येत नाही, देवळात जाता येत नाही,
पुढं पुढं दूधवाल्यालाही दार दुसरंच कुणी उघडतं.
"आणि हे, काका, शिंप्याला कुणी सांगितलंच नाही."

बँकेतल्या मुलानं विचारलं, तुमचं गिऱ्हाईक कोण?
ती म्हणाली, तुझी आजी.
तो म्हणाला, फॉर्मात तसा रकाना नाही.
कर्ज राहिलं. भिशी लागली, तीवर निभावलं.

बुधवारी मापं.
कारेलीबागेतून भानुबेन रिक्षानं येतात,
"हाथ ऊंचो नथी थतो," म्हणत हात जिथवर जातो तिथवर दाखवतात,
आणि हेमांगिनी तिथवरच टेप धरते.
बाही आता खांद्यापासून उघडते, पाकिटासारखी.
पहिल्या खेपेला विमलताई शिर्के फ्रीजला चिकटल्या,
चुंबक जास्त जोराचं होतं.
हसून हसून त्यांना सोडवताही येईना.
पण पुढच्याच आठवड्यात एकीनं सांगितलं, पेसमेकर आहे,
आणि हेमांगिनीचा चेहरा पांढरा पडला.
दोन ग्रोस चुंबकं त्या दिवशी नुकसान खाती गेली.
तेव्हापासून फक्त वेल्क्रो.

श्रावणात एक ब्लाउज परत आला.
कुमुदिनी राजाध्यक्ष, वय ब्याऐंशी.
परतीच्या कारणाचा रकाना मीच आखला होता:
सैल, घट्ट, शिवण, रंग.
त्या म्हणाल्या, यातलं काहीच नाही.

"सून यायची सकाळी हूक लावायला. समोर स्टुलावर बसायची.
घाईत असायची, ऑफिस असतं तिला.
बोलणं आमचं कधीच फार नव्हतं.
थंडीत मात्र आधी तळवे चोळायची,
गार हात मला लागू नयेत म्हणून.
आता म्हणते, छान झालं आई, तुमचं तुम्हाला येतं.
दारातूनच म्हणते."

मशिनी थांबल्या होत्या.
हेमांगिनीनं कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली.
संध्याकाळी त्या ब्लाउजाचं वेल्क्रो तसंच ठेवून
वर, गळ्याशी, तिनं एक हूक शिवला.
मी म्हटलं, हा निघाला तरी काही बिघडत नाही.
"नाहीच बिघडत."
मग दर काय लिहू?
"लिहू नका."

आता मापाच्या कागदावर एक ओळ जास्त आहे:
वरचा हूक, हवा की नको.
भानुबेन म्हणाल्या, नको रे बाबा, सुटले एकदाची.
पुष्कळजणी तसंच म्हणतात, आणि हसतात.
या महिन्यात सत्तेचाळीस नग गेले,
हूक अकरा.

अकरावर बोट ठेवून मी काल बराच वेळ बसलो.
हेमांगिनीला हे माहीत नाही, कुणालाच नाही:
शेवटचं दीड वर्ष सुशीलेचे हूक मी लावायचो.
चष्मा चढवून, तिच्यासमोर वाकून.
वरचा नेहमी चुकायचा, सगळे काढून पुन्हा.
डावा हात मांडीवर तसाच पडलेला,
तोंड थोडं वाकडं, त्यातूनही ती म्हणायची,
"एवढा वेळ काय?
मीटर वाचताय का?"